व्हॉट्सअ‍ॅपवरचा सीटी स्कॅन

सीटीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची, मोबाइलवर फोटो काढायचा आणि ओळखीच्या डॉक्टरांना पाठवायचा, हे आता घरोघरी चालतं. फोटो स्वच्छ दिसतो, तरी डॉक्टर म्हणतात, "सीडी घेऊन या."

त्याला कारण आहे. सीटीच्या एका कापात, म्हणजे शरीराचा एक छेद दाखवणाऱ्या चित्रात, 512 गुणिले 512 ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक मोजमाप: त्या जागेनं क्ष-किरण किती अडवले. पाणी 0, हवा उणे 1000, घट्ट हाड 1000 च्या आसपास. एका ठिपक्याचं माप अशा साधारण 4096 वेगवेगळ्या पायऱ्यांपैकी कोणतंही असू शकतं. नेहमीच्या जेपेग फोटोत करड्या रंगाच्या छटा मात्र 256 च मावतात. पडद्यावरही सगळी मापं एकदम वेगवेगळी दिसत नाहीत, म्हणून रेडिओलॉजिस्ट एका वेळी मापांचा एकच पट्टा उघडतात. मेंदूसाठी 0 ते 80, हाडांसाठी जवळजवळ 2000 चा.

मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक जेमतेम 10 एककांचा. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या तासांत तोच पुसट होऊ लागतो. फोटो हाडांच्या पट्ट्यातला असेल, तर एकेका छटेत 8 एककं कोंबली जातात. म्हणजे ज्यावर निदान ठरायचं, तो फरक एखाद्या छटेपुरता उरतो. वर जेपेगची कात्री आहेच. चित्राचे 8 गुणिले 8 ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक चढउतार ते आधी टाकून देतं. लग्नाच्या फोटोत त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

अर्थात रुग्णालयंही फाइली लहान करतात, करावीच लागतात. एक काप अर्धा एमबीचा, आणि एका तपासणीत असे शेकडो काप. एकही आकडा न गमावता फाइल निम्मी किंवा एक तृतीयांश होते. त्यापुढे जायचं तर काही गमवावंच लागतं, आणि किती गमवायचं यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सनं 2008 मध्ये सीटी पाच पट, छातीचा एक्स-रे दहा पट आणि मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) चक्क वीस पट लहान करायला हरकत नाही म्हटलं. अमेरिकेच्या एफडीए या सरकारी नियामक संस्थेला मात्र अंतिम निदानासाठी असा काही गमावून लहान केलेला मॅमोग्राम मुळीच चालत नाही. मला ब्रिटनचा आकडा जरा धाडसीच वाटतो.

पाठवायचंच असेल, तर सीडीवरच्या मूळ डायकॉम फाइली (वैद्यकीय चित्रं ज्या स्वरूपात साठवतात त्या) 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तशा त्या जशाच्या तशा पोचतात. फक्त त्यांच्या आत पेशंटचं नाव आणि जन्मतारीखही असते, तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर नकोत.