वेंगसरकर रडला, त्याआधीची चाळीस वर्षं

मे १९९१. आम्ही सगळे गावी, कोकणात. मुंबईचा पेपर दुपारच्या एसटीने यायचा, तोही एक दिवस शिळा. काका तो नेहमी शेवटच्या पानापासून वाचायला घेत. त्या दिवशी त्यांनी शेवटचं पान पाहिलं, पेपरची घडी घातली आणि माजघरातल्या अढीतले आंबे उगाचच खालीवर करत बसले. पहिलं पान त्यांनी उघडलंच नाही. मुंबई रणजीचा अंतिम सामना हरियाणाकडून हरली होती. दोन धावांनी.

मला तेव्हा गंमत वाटली होती. भारत हरला असता तर समजण्यासारखं होतं, पण रणजीसाठी एवढं? दिलीप वेंगसरकर वानखेडेवर ओक्साबोक्शी रडला हे कळलं तेव्हा तर जास्तच चमत्कारिक वाटलं. लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकलेला, शंभरावर कसोटी खेळलेला माणूस देशातल्या देशात एक सामना हरला म्हणून रडतो? पुढे तीसेक वर्षं या संघाच्या मागे फिरल्यावर समजलं की ते रडणं त्या एका दुपारचं नव्हतं. त्याची थकबाकी फार जुनी होती.

आधी सामना. हरियाणाचा कर्णधार कपिलदेव, मुंबईचा संजय मांजरेकर. हरियाणा ५२२, त्यात दीपक शर्माच्या १९९. बिचाऱ्याची एक धाव राहिली, पण त्याची हळहळ आमच्याकडे कोण करणार! मुंबई ४१०. हरियाणा दुसऱ्या डावात २४२. म्हणजे शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ हव्या होत्या. सुरुवातीचे गडी झटपट गेले आणि मग नुकताच अठरा वर्षांचा झालेला सचिन आला. ७५ चेंडूंत ९६. तो गेला, बाकीचेही गेले, आणि शेवटी एका टोकाला वेंगसरकर, दुसऱ्या टोकाला अकरा नंबरचा अ‍ॅबी कुरुविला. अजून पन्नासेक धावा बाकी. वेंगसरकरच्या पायात गोळे आलेले, म्हणून त्याच्या वतीने धावायला लालचंद राजपूत, रनर. या तिघांनी मिळून सामना जवळजवळ ओढून आणला होता. मग धाव घेताना घोटाळा झाला, कुरुविला धावचीत, मुंबई ३५२. वेंगसरकर नाबाद १३९.

त्या दोन धावा काकांना, वेंगसरकरला आणि अख्ख्या दादर-गिरगावाला एवढ्या का लागल्या, ते कळायला १९४९च्या मार्चपर्यंत मागे जावं लागतं.

पुण्यात रणजीचा उपांत्य सामना होता, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या, माधव मंत्रींच्या २००. महाराष्ट्र ४०७. आघाडी २४४ धावांची. दुसरा कुठलाही संघ असता तर दुसऱ्या डावात तीनशे-साडेतीनशे करून डाव सोडला असता. मुंबईने ८ बाद ७१४ केल्या आणि मग डाव घोषित केला! महाराष्ट्रानेही बाणा सोडला नाही, चौथ्या डावात ६०४ केल्या आणि तरी ३५४ धावांनी हरले. आठवडाभर चाललेल्या या सामन्यात नऊ शतकं आणि २,३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला हा धावांचा विक्रम आहे. त्याच मोसमात पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर, आणि समोरचा काठियावाडचा संघ पुढे खेळायला नको म्हणून सामना सोडून निघून गेला. मुंबईला हे जमलंच नसतं. मुंबईने निंबाळकरांना ४५० वर बाद करायचा प्रयत्न केला असता, त्यात आणखी तीन तास घालवले असते, आणि मग स्वतः फलंदाजीला उतरून तेवढेच तास त्यांना उन्हात पळवलं असतं.

याला आपल्याकडे खडूसपणा म्हणतात. चाळीतल्या भाडं वाढवणाऱ्या मालकाला, बॉल खिडकीतून आत आला की परत न देणाऱ्या आजोबांना लावायचा हा शब्द. मुंबईच्या क्रिकेटपटूंना तो बाहेरच्यांनी शिवी म्हणून लावला की आतल्यांनी कौतुकाने, यावर वाद घालता येईल. आता तो पदकासारखा मिरवला जातो. नव्या पोरांच्या मुलाखतींत तो इतका ऐकू येतो की मला थोडा कंटाळाच आलाय. खरा खडूस माणूस स्वतःला खडूस म्हणवून घेत नाही.

हा स्वभाव आला कुठून? एक उत्तर पावसात आहे. १९४८ साली डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने लीग सुरू झाली आणि ती मुद्दाम पावसाळ्यात ठेवली. खेळपट्टी उघडी, आउटफिल्डमध्ये घोट्याएवढं गवत, चेंडू कधी उसळतो कधी घसरतो. तिथे तीस धावा म्हणजे दुसरीकडचं शतक. ज्याने जुलैमध्ये क्रॉस मैदानावर तीस काढल्या, त्याला पुढे कुठल्याच खेळपट्टीची भीती उरत नसे. दुसरं उत्तर कचेऱ्यांत. निर्लॉन, मफतलाल, टाटा, स्टेट बँक यांचे संघ टाइम्स शील्ड या कचेऱ्यांच्या स्पर्धेत भिडायचे, आणि कसोटीपटू कालच्या कारकुनाला चेंडू टाकायचा. वाडेकर स्टेट बँकेत होते, सोलकर मफतलालमध्ये. एकनाथ सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी, आणि पोरगा तिथेच स्कोअरबोर्डचे आकडे बदलत मोठा झालेला.

आणि तिसरं उत्तर घरात. गावसकरांचे मामा म्हणजे ते पुण्यात द्विशतक ठोकणारे माधव मंत्री. लहानग्या सुनीलने मामाच्या कपाटातला भारताचा स्वेटर मागितला तेव्हा मामा म्हणाले, हा मिळत नाही, कमवावा लागतो. आपल्या मामांनी आपल्याला जुना स्वेटर दिला असता, शिवाय वर दहा रुपये दिले असते. म्हणून आपण गावसकर झालो नाही, असं काका म्हणायचे.

हे सगळं मुरलं आणि १९५८-५९च्या मोसमापासून मुंबई रणजी जिंकत सुटली. १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा. हा आकडा लिहिताना अजूनही हात थांबतो. पहिल्या विजयाच्या वर्षी जन्मलेलं मूल पंधराव्या विजयाला दहावीच्या उंबरठ्यावर होतं आणि त्याने मुंबईला रणजी हरताना कधी पाहिलंच नव्हतं. काका साधारण त्याच पिढीचे. त्यांच्यासाठी रणजी जिंकणं ही बातमी नव्हती, दिवाळीसारखी दरवर्षी येणारी गोष्ट होती.

या पंधरापैकी दोन मला जास्त आवडतात. एक १९७०-७१चा. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड असे पाच जण भारताबरोबर वेस्ट इंडीजमध्ये. तिकडे गावसकर चार कसोटींत ७७४ धावा करत होते, सरदेसाई ६४२, आणि इकडे उरलेल्यांना घेऊन सुधीर नाईकांनी महाराष्ट्राला अंतिम सामन्यात ४८ धावांनी हरवलं. दुसरा १९७२-७३चा, चेपॉकवर. मुंबई १५१ आणि ११३. एवढ्या धावांत कुणी रणजी जिंकतं का? तमिळनाडू ८० आणि ६१! पद्माकर शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले, आणि तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर सामना संपला. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज असलेले बेदी त्याच काळात जन्मले. २०२५च्या मार्चमध्ये ते गेले. आमच्या घरात बेदींपेक्षा शिवलकरांचं नाव जास्त वेळा निघायचं. तो अर्थातच पक्षपात होता, आणि मला तो मान्य आहे.

पुढच्याच वर्षी, १९७३-७४ला बेंगळुरूच्या उपांत्य सामन्यात सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावात धावा जास्त, एवढ्यावर कर्नाटकाने मुंबईला बाहेर काढलं. प्रसन्नाने गावसकरांचा त्रिफळा उडवला, आणि जमलेले वाडेकर धाव घेताना घसरून धावचीत झाले. आपली सगळी मोठी दुःखं धावचीत होण्यातून का येतात देव जाणे.

साखळी तुटली तरी सवय तुटली नाही. पुढेही मुंबई जिंकत राहिली आणि हरताना अधिकच खडूस होत गेली. वानखेडे स्टेडियम उभं राहिलं तेही तिकिटांच्या भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियमचा मालक क्लब सीसीआय, त्याच्याशी मुंबई क्रिकेट असोसिएशनचं पटेना, म्हणून काही फर्लांगांवर स्वतःचं मैदान बांधलं, आणि जानेवारी १९७५मध्ये तिथे कसोटी भरवली. त्याच वानखेडेवर १९८१-८२च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाच्या रघुराम भटचा डावखुरा फिरकी चेंडू उजव्या फलंदाजांपासून असा काही वळत होता की गावसकर चक्क डावऱ्या हाताने खेळायला उभे राहिले. पहिल्या डावातली आघाडी गेलेली, अंतिम सामना हातचा गेलेला. वाचवायचं होतं ते एवढंच, की निर्णायक पराभव झाला असं कुणी लिहू नये. तो त्यांनी होऊ दिला नाही. काही लोकांना तो पोरखेळ वाटला. मला ती या शहराची सही वाटते.

मग १९८४-८५. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात शास्त्रीने एका डावात आठ गडी टिपले आणि रणजी पुन्हा घरी आली. आणि त्यानंतर येईना. दिल्ली, हैदराबाद, तमिळनाडू, पुन्हा दिल्ली, बंगाल. पंधरा वर्षं सलग जिंकलेल्या गावाला पाच वर्षं कोरडी गेली. म्हणून १९९१च्या मे महिन्यात वानखेडेवर नुसता एक चषक पणाला नव्हता. आपण अजून तेच आहोत का, हा प्रश्न होता, आणि त्या पिढीतला शेवटचा मोठा माणूस पायात गोळे घेऊन त्याचं उत्तर देत होता. १९७५ साली इराणी सामन्यात (रणजी विजेते विरुद्ध उरलेला भारत) नागपूरला बेदी-प्रसन्नाला फोडून काढणारा कोवळा पोरगा आता पस्तिशीचा झाला होता. पुन्हा अशी संधी येईल की नाही, त्याला कळत असणारच.

आणखी एक गोष्ट होती. त्या सामन्यात सगळे होते. कपिल, चेतन शर्मा, वेंगसरकर, मांजरेकर, सचिन. त्या मोसमात भारत मायदेशी जेमतेम एक कसोटी खेळला होता, मंडळी मोकळी होती, आणि मोकळा माणूस आपल्या गावासाठी खेळायचा. आज हे समजावून सांगावं लागतं. २०२५च्या जानेवारीत रोहित शर्मा बऱ्याच वर्षांनी बीकेसीच्या मैदानावर रणजी खेळायला उतरला तेव्हा लोक त्याला बघायला आले होते, मुंबईला नव्हे. तो बाद झाल्यावर किती जण उठले ते मी तिथे बसून पाहिलं. जम्मू-काश्मीरने तो सामना पाच गडी राखून जिंकला आणि त्यांचं कौतुक करायलाही फारसं कुणी उरलं नव्हतं. मीसुद्धा तिकडे रोहितसाठीच गेलो होतो, तेव्हा दुसऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

वेंगसरकरच्या अश्रूंनंतर आणखी दोन मोसम कोरडे गेले. १९९३-९४ला शास्त्रीच्या नेतृत्वाखाली दुष्काळ संपला. त्या मोसमात अमोल मुझुमदार नावाच्या एका नवख्या पोराने पदार्पणातच २६० केल्या, आणि त्या हरियाणाविरुद्ध, त्यांच्याच फरिदाबादमध्ये. १९८८ साली सचिन आणि कांबळी आझाद मैदानावर ६६४ची भागी करत होते तेव्हा पॅड बांधून वाट बघत बसलेला हाच तो. भारताच्या संघाचीही त्याने अशीच वाट पाहिली आणि ती पाहून झाली. नोव्हेंबर २०२५मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून तो मैदानात उभा होता. शिवलकरांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

जानेवारी २०१०मध्ये म्हैसूरला अंतिम सामना होता, समोर कर्नाटक. चौथ्या डावात त्यांना ३३८ हव्या होत्या, मनीष पांडेने १४४ ठोकल्या आणि सामना हातातून गेला असं वाटत असताना मुंबईने तो सहा धावांनी जिंकला. मी ऑफिसातून बाहेर येऊन काकांना फोन लावला. ते तोवर गावीच राहायला गेले होते आणि कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून दोनदा ओरडून सांगावं लागलं, सहा धावांनी, काका, सहा!

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "दोन तिकडच्या वजा कर. चार राहिल्या."