पांढरा चहा (चीन)

चहाच्या कोवळ्या कळ्या व पाने खुडून ती न भाजता, न वाफवता, न चोळता, नुसती कोमेजवून आणि वाळवून केलेला चहा. चिनी नाव 'बाय-चा'. चिनी वर्गीकरणात चहाचे सहा प्रकार मानतात (हिरवा, पिवळा, पांढरा, ऊलाँग, लाल आणि गडद, आपण ज्याला काळा म्हणतो तो तिथे लाल). त्यांत हाताळणी सर्वांत कमी पांढऱ्या चहाची. त्याचे मूळ क्षेत्र फुजियान प्रांतातले फूदिंग व झेंगहे हे तालुके आणि शेजारचा ज्यानयांगचा भाग. पांढरेपणा कपातल्या रंगाचा नाही. कळीवरच्या दाट रुपेरी लवेवरून हे नाव पडले. प्रत्यक्षात अर्क फिकट पिवळसर ते जर्दाळूच्या रंगाचा उतरतो.

करण्याची रीत सांगायला दोन वाक्ये पुरतात. तोडलेली पाने बांबूच्या चाळण्यांवर पातळ पसरतात आणि दीड ते तीन दिवस उन्हात, सावलीत किंवा हवा खेळत्या खोलीत कोमेजू देतात. मग मंद आचेवर ओल घालवतात. सोपे मात्र यात काहीच नाही. पाने दाट पडली तर लालसर होतात, फार लवकर वाळली तर कच्च्या पाल्याचा वास राहतो आणि पावसाळी हवा लागली तर माल काळवंडतो. इतर बहुतेक चहांत पान चोळतात, त्यामुळे पेशी फुटतात आणि रस बाहेर येतो. इथे पान जवळपास अखंड राहते. हवेशी होणारी प्रक्रिया आतल्या आत, सावकाश चालते. पांढऱ्या चहाची चव, तो उतरायला लागणारा वेळ आणि जुना होण्याची त्याची क्षमता, या तिन्हींचे मूळ या अखंड पानात आहे.

नावामुळे दोन घोटाळे हमखास होतात. सोंग सम्राट ह्वेइझोंग याच्या ११०७ च्या सुमारास लिहिलेल्या चहावरील ग्रंथात 'पांढरा चहा' येतो खरा. पण तो फिकट पानांच्या दुर्मीळ झाडांचा, वाफवून वड्या पाडलेला चहा होता. आजच्या पांढऱ्या चहाला नऊशे वर्षांचा इतिहास चिकटवणे विक्रेत्यांना सोयीचे असले तरी बरोबर नाही. आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, फूदिंग व झेंगहेच्या जाड कळीच्या 'दा-बाय' जातींची लागवड वाढल्यावर घडले. दुसरा घोटाळा झेजियांगमधल्या 'आनजी बाय-चा'चा. थंडीत त्याची पाने पांढुरकी फुटतात, पण ती भाजली जातात, म्हणून तो हिरवा चहा ठरतो.

चीनच्या राष्ट्रीय मानकात पांढऱ्या चहाचे चार प्रकार आहेत. 'बायहाओ यिनझेन', म्हणजे रुपेरी सुई, नुसत्या कळ्यांचा. वसंतातल्या पहिल्या तोडणीचा, म्हणून सर्वांत महाग. त्याची चव पहिल्या घोटात सापडत नाही. आधी जिभेवर एक मऊ, साय फिरल्यासारखा स्पर्श होतो, मग ओल्या गवताचा व काकडीचा गंध येतो आणि घोट गिळल्यावर घशाशी गोडी रेंगाळते. लवेच्या या खास गंधाला तिथे 'हाओ-श्यांग' असा स्वतंत्र शब्द आहे. 'बाय मूदान'मध्ये कळीबरोबर एकदोन पाने असतात. तो फुलांच्या वासाचा, अंगाने भरलेला. कडक चहाची सवय असलेल्याने सुरुवात इथून करावी. 'गोंगमेई' जुन्या स्थानिक, बीजापासून वाढलेल्या झाडांचा. 'शोउमेई'त मोठी पाने व देठ येतात. तो रंगाने गडद, वाळलेल्या गवताच्या आणि मधाच्या चवीचा. हाँगकाँगच्या उपाहारगृहांत तो रोजचा चहा आहे.

प्रांत एकच असला तरी चव एक नाही. समुद्राजवळच्या फूदिंगमध्ये उन्हात कोमेजवण्याकडे कल, म्हणून चहा हलका, ताजा, गोडसर. डोंगराळ झेंगहेत सावलीत व जास्त वेळ कोमेजवतात. तिथला चहा दाट, गडद आणि किंचित तुरट उतरतो. युन्नानमध्ये मोठ्या पानांच्या आसाम जातीपासून 'युएग्वांग बाय' (चांदण्याचा पांढरा) करतात. त्याच्या पानाची एक बाजू काळी आणि दुसरी रुपेरी असते.

जुन्या पांढऱ्या चहाला चीनमध्ये मोठा भाव आहे. 'एक वर्ष चहा, तीन वर्षे औषध, सात वर्षे खजिना' अशी म्हण तिथे बाजारात फिरते. त्यातला औषधाचा भाग सावधपणे घ्यावा. चवीतला बदल मात्र खरा. कच्चा हिरवट वास जातो, तुरटपणा निवतो, रंग तांबूस होतो. मुरलेल्या शोउमेईला येणाऱ्या 'झाओ-श्यांग' या गंधाचे भाषांतर इंग्रजीवरून अनेकदा 'खजुराचा वास' असे होते. मूळ शब्द चिनी बोराचा आहे आणि ते आपल्या बोराच्याच कुळातले, त्यामुळे वाळवलेली बोरे खाल्लेल्याला तो गंध समजावून सांगावा लागत नाही. साठवण कोरडी, अंधारी, हवाबंद हवी. मसाल्यांच्या डब्यांजवळ ठेवलेला चहा दोन आठवड्यांत त्यांचा होतो.

चहा करताना सर्वांत जास्त चूक पाण्याबाबत होते. नाजूक चहा म्हणून कोमट पाणी, हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण अखंड पान आणि लवेचे आवरण यांतून अर्क सावकाश सुटतो, आणि कोमट पाण्यात तो सुटतच नाही. चीनमधले व्यावसायिक परीक्षक ३ ग्रॅम चहा १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवतात. घरी इतके कठोर व्हायला नको. यिनझेनला ८५ ते ९० अंश सेल्सिअस, मूदानला ९० ते ९५ आणि शोउमेईला थेट उकळते पाणी चालते. गायवानमध्ये, म्हणजे झाकणाच्या छोट्या वाटीत, १०० मिलिलिटरला ४-५ ग्रॅम चहा घ्यावा. पहिले पाणी २०-३० सेकंदांनी ओतून घ्यावे आणि पुढे वेळ वाढवत न्यावा. सहासात पाणी सहज निघतात. यिनझेनवर धार सोडताना ती कडेने सोडतात, नाहीतर लव सुटून अर्क गढूळ दिसतो. चहा चमच्याने नव्हे, वजनाने घ्यावा, कारण फुललेल्या मूदानचा चमचाभर म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. दूध-साखर घातली तर चहाचे काहीच उरत नाही. हा चहा सौम्य लागतो म्हणून त्यात कॅफीन कमी, हेही खरे नाही. कोवळ्या कळ्यांत ते भरपूर असते.

जुन्या शोउमेईची रीत वेगळी. वाटीतले पाणी फिके पडू लागले की तीच पाने किटलीत घालून मंद आचेवर दहापंधरा मिनिटे उकळतात. आपल्याकडे चहा उकळूनच होतो, त्यामुळे मराठी स्वयंपाकघराला हीच पद्धत सर्वांत जवळची. यातून उतरणारा अर्क लालसर, गोड आणि दाट असतो, आणि तो कोराच प्यायचा असतो.