गुलाल उधळला की पिक्सेल का फाटतात?

अनंत चतुर्दशीनंतर पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांच्या ग्रुपवर एक तक्रार हमखास येते. लक्ष्मी रोडवरचा व्हिडिओ फोनवर झकास दिसत होता, एडिट करून एक्स्पोर्ट केला आणि नेमका गुलाल उधळला तिथेच सगळं चौकोन चौकोन झालं. त्यावर सल्लेही ठरलेले असतात: बिटरेट (सेकंदाला किती बिट वापरायचे तो आकडा) दुप्पट कर, ४के करून घे, अमुक सॉफ्टवेअर टाक, एका क्लिकवर एचडी होतं. पहिला सल्ला अर्धा खरा आहे. उरलेल्या दोघांवर विश्वास ठेवू नका. फायलीतून गेलेला तपशील ४के केल्याने परत येत नाही. एआयवाली ॲप्स तो अंदाजाने रंगवतात, आणि मग ताशावाल्याचा चेहरा त्याचाच राहील याची खात्री नसते.

व्हिडिओ दाबावा का लागतो हे आधी पाहू. १९२० × १०८० म्हणजे एका फ्रेममध्ये जवळपास २१ लाख पिक्सेल. प्रत्येकाला ३ बाइट, सेकंदाला ३० फ्रेम. तासाभराचं चित्रण ६७० जीबीच्या आसपास जातं. फोन तेच आठ-नऊ जीबीत बसवतो. म्हणजे मूळ फाइलच खूप दाबलेली असते.

हे साधण्यासाठी एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, आजूबाजूच्या फ्रेम बघतो. सवाई गंधर्व महोत्सवातली एखादी मैफल घ्या. गायक एका जागी बसलेला, मागचा पडदा तोच, हलतात ते हात आणि चेहरा. मागच्या फ्रेममधला अमुक तुकडा उचलून इथे ठेव, एवढं लिहिलं की बरंचसं काम झालं. मिरवणुकीतला ढोलही एन्कोडरला झेपतो, कारण तो अख्खाच्या अख्खा हलतो. गुलालाचा प्रत्येक कण मात्र आपापल्या वाटेने जातो. त्याच्याशी जुळणारा तुकडा मागच्या फ्रेममध्ये सापडतच नाही. अंदाज आणि खरं चित्र यांच्यात मोठी तफावत उरते, आणि ती लिहून ठेवावीच लागते.

ती कशी लिहितात, हा या सगळ्या तंत्रातला माझा सर्वात आवडता भाग. ८ × ८ पिक्सेलचा चौकोन घ्या. त्यातले ६४ आकडे तसेच न लिहिता त्यांची ६४ कोसाइन लहरींमध्ये फोड करतात. पहिला आकडा चौकोनाची सरासरी सांगतो, नंतरचे सावकाश बदलणारी छटा, अगदी शेवटचे बारीक खरखर. नेहमीच्या चित्रात बहुतेक वजन सुरुवातीच्या थोड्या आकड्यांत गोळा होतं. या रूपांतराचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांना ही कल्पना सुचली. १९७२ साली त्यांनी अमेरिकेत त्यासाठी अनुदान मागितलं, तर ती फारच साधी ठरवून ते नाकारलं गेलं. नटराजन आणि राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध १९७४ साली छापून आला. आज जेपीजी फोटोपासून एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीपर्यंत सगळं याच कल्पनेवर उभं आहे.

इथवर काही हरवलेलं नाही. हरवतं ते पुढच्या पायरीवर, क्वांटायझेशनमध्ये. समजा चार आकडे आले: ९०, १३, −६, ३. प्रत्येकाला ८ ने भागून जवळचा पूर्णांक घ्या: ११, २, −१, ०. पाहताना पुन्हा ८ ने गुणलं की ८८, १६, −८, ० मिळतात. मूळ आकड्यांच्या बरेच जवळ. भाजक ३२ घेतला तर ३, ०, ०, ०. गुणल्यावर ९६ आणि पुढे नुसती शून्यं. शून्यं लिहायला जागा जवळजवळ लागत नाही, पण चौकोनात आता सरासरी रंगाशिवाय काहीच उरलेलं नाही. पिक्सेल फाटले असं आपण म्हणतो, ते हेच सपाट चौकोन. एच.२६४ मध्ये भाजक क्यूपी या ० ते ५१ च्या क्रमांकाने ठरतो, आणि क्यूपी ६ ने वाढला की भाजक दुप्पट होतो: २२ ला ८, २८ ला १६, ३४ ला ३२.

आता बिटरेटकडे या. बिटरेट बांधून दिला की प्रत्येक सेकंदाला जवळपास ठरलेलेच बिट मिळतात. शांत दृश्यात ते उगाच खर्च होतात आणि गुलालाच्या वेळी कमी पडतात, म्हणून एन्कोडर भाजक वाढवत नेतो. बिटरेट दुप्पट केला तर गुलाल सुधारतो खरा, पण बाकीच्या तासाभरावर जागा वाया जाते. त्यापेक्षा दर्जा बांधून द्या आणि फाइल किती मोठी व्हायची ती होऊ द्या. या पद्धतीला सीआरएफ म्हणतात, हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये तीच आरएफ नावाने दिसते. यात क्यूपी सगळीकडे एकच राहत नाही. पुढच्या फ्रेम ज्या तुकड्यावर अवलंबून आहेत त्याला कमी क्यूपी मिळतो, क्षणभर दिसून जाणाऱ्याला जास्त.

हँडब्रेक फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे. पैसे घेणाऱ्या कित्येक कन्व्हर्टरच्या पोटात एक्स२६४ हाच एच.२६४ चा फुकट एन्कोडर असतो. १०८० साठी एक्स२६४ घ्या, आरएफ २० ते २२, प्रीसेट (एन्कोडरने किती सावकाश काम करायचं ती तयार सेटिंग) स्लो, फ्रेमरेट मूळ फाइलचाच. आरएफ ६ ने कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते. स्लोच्या पलीकडे जायची गरज नाही. प्लासिबो हा सर्वात सावकाश प्रीसेट कितीतरी पट वेळ खातो आणि डोळ्याला फरक दिसत नाही. एक्स२६५ हा पुढच्या एच.२६५ पद्धतीचा एन्कोडर त्याच दर्जाला लहान फाइल देतो, पण त्याच्या आरएफची मोजपट्टी वेगळी आहे, तेव्हा तेच आकडे तिकडे लावू नका. ग्राफिक्स कार्डावरचा एन्कोडर झटपट काम उरकतो, पण सहसा त्याच दर्जाला फाइल मोठी होते. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप एडिटला घेऊ नका, ती वाटेत आणखी एकदा दाबली गेलेली असते. ज्याने शूट केलं त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर मूळ फाइल मागून घ्या.

घरातल्या मुंजीच्या, लग्नाच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून आणल्या असतील तर त्यांना वेगळी वागणूक लागते. त्या ७२० × ५७६ च्या आणि इंटरलेस्ड असतात: सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची. डीइंटरलेस न करता, म्हणजे या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं न बनवता, एन्कोड केलं तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात आणि ते दाते जपण्यातच बिट जातात. हँडब्रेकमध्ये फिल्टर्सच्या टॅबवर डीइंटरलेस चालू करा, आरएफ १८ ते २० ठेवा आणि आकार ७२० × ५७६ च्या वर नेऊ नका.