काकीच्या रसातला कागद

दिवाळीत रांगोळीचे प्लास्टिकचे छापे मिळतात ना, तसलंच काम जपानमध्ये किमोनोच्या कापडावर शेकडो वर्षं चाललंय, फक्त तिथला छापा कागदाचा. नाव ईसे कातागामी, बनतो मिए प्रांतातल्या सुझुका शहरात. बारीक नक्षीत 1 चौरस सेंटीमीटरमध्ये 100 च्या आसपास भोकं, तीही अर्धगोल पात्याचं हत्यार हाताने फिरवून पाडलेली! लांबून कापड एकरंगी वाटतं, जवळ गेलं की ठिपके दिसतात.

सगळे भोकांवर फिदा होतात, मी कागदावर. कारण छाप्यावरून चिकट तांदळाची ओली खळ ओढतात (खळ लागली तिथे रंग बसत नाही), मग छापा धुतात आणि परत वापरतात. साध्या कागदाचा एव्हाना लगदा झाला असता.

हा टिकतो तो काकी फळामुळे. काकी म्हणजे पर्सिमॉन, आपल्या तेंदूच्या, टेंभुर्णीच्याच कुळातलं. कच्चं खाल्लं तर तोंड कोरडं पडतं, कारण त्यातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. गंमत म्हणजे पिकल्यावर टॅनिन कुठे जात नाही, त्याचे रेणू एकमेकांत अडकून इतके मोठे होतात की लाळेत विरघळतच नाहीत, म्हणून फळ गोड लागतं. कागदात हेच मुद्दाम घडवतात. कच्च्या फळांचा रस आंबवायचा, त्यानेच हातकागदाचे तीन थर चिकटवायचे, मधल्याचे तंतू आडवे (म्हणजे ओला झाला तरी कागद एकाच दिशेने ताणला जाऊन वाकडा होत नाही), आणि मग जपानी सीडर (तिकडचं नाव 'सुगी') या झाडाच्या भुशाचा धूर आठवडाभर द्यायचा. धुरात आल्डिहाइडं नावाची रसायनं असतात, ती टॅनिनच्या रेणूंमध्ये पूल बांधतात. पॉलिमरच झाला हा, प्लास्टिकच्या कितीतरी आधीचा.

या छाप्यांवरची एक नक्षी, आसानोहा, म्हणजे भांगेच्या पानाची, हल्ली 'पॉझिटिव्ह एनर्जी'च्या नावाने विकतात. भराभर वाढणाऱ्या झाडासारखं मूल वाढावं म्हणून बाळाच्या कपड्यावर ती काढायचे, एवढंच. भिंतीवर लावून काही होत नाही, सुंदर दिसते, तेवढं पुरे की!

19व्या शतकात हे छापे युरोपात गेले, ड्रेस्डेनच्या एका संग्रहालयात 15 हजारांहून जास्त आहेत, आणि तिकडच्या डिझायनरांनी त्यातून भरपूर उचललं. पण छाप्याची एक मूळ अडचण असते, नक्षीतल्या लांब पट्ट्या हलतात आणि मधली सुटी बेटं गळून पडतात. म्हणून आधी दोन थरांत रेशमाचे धागे घालायचे, पुढे जाळीदार रेशमी कापडच चिकटवायला लागले. आपल्या गल्लीतला लग्नपत्रिकावाला स्क्रीन प्रिंटिंग करतो ना, त्याच्या चौकटीवर ताणलेली जाळी हेच काम करते.