मागच्या भिंतीची भोकं बुजवू नका
(टेकडी-उतारावरच्या सोसायट्यांसाठी)

पाऊस सुरू झाला की आम्हाला दोन फोन हमखास येतात. "भिंत गळतेय, वॉटरप्रूफिंग करून द्या" हा पहिला. "भिंत सी विंगच्या मागे आहे, मग पैसे सगळ्यांनी का द्यायचे?" हा दुसरा.

भिंत गळत नसते. रिटेनिंग वॉलमध्ये, म्हणजे टेकडीची माती अडवणाऱ्या भिंतीत, मीटर-दीड मीटरवर जे पीव्हीसी पाइप दिसतात, ते वीप होल. टेकडीत मुरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडायला हवं. ते बंद केले आणि भिंतीमागे तीन मीटर पाणी तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच सुमारे साडेचार टन रेटा येतो.

पुण्यात बावधनच्या एका सोसायटीत रंगकाम करताना सगळी भोकं सिमेंटने बुजवली. कारण काय, तर ओघळ दिसतात. वरून हात इतका सुबक फिरवला होता की जुना नकाशा काढून, टेप लावून जागा शोधण्यातच आमचा दिवस गेला. तोवर भिंतीला पोट आलं होतं. पहिलं भोक ड्रिलने उघडलं, तर पाण्याची चिळकांडी थेट आमच्या माणसाच्या छातीवर.

ओघळ राहू द्या. उंदरांची तक्रार मात्र खरी आहे, त्याला जाळी बसवून देतो. भोकातून स्वच्छ पाणी येतंय तोवर काळजी नाही. मातकट येऊ लागलं तर मागची माती वाहून चाललीय, कळवा. धो धो पावसात थेंबही येत नसेल तर त्याच दिवशी फोन करा.

आता पैशांचं. भिंत सोसायटीची आहे, सी विंगची नाही. माथ्यावरची कॅच ड्रेन, म्हणजे टेकडीचं पाणी वरच अडवून बाजूला नेणारं गटार, तुंबली की टेकडीचं पाणी पार्किंगमधून गेटपर्यंत येतं, ते विंग बघत नाही. उताराच्या खालच्या अंगाची भिंत तर दुसऱ्यांच्या डोक्यावर असते. जून 2019 मध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत पडून खालच्या झोपड्यांतले 15 जण गेले.

आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) जमवायचा असतो. बांधकाम खर्च 20 लाख असेल तर वर्षाला 15 हजार आणि 5 हजार. बहुतेक ठिकाणी दुरुस्तीचा पैसा लिफ्ट आणि रंगातच संपतो. म्हणून 30 सप्टेंबरच्या आतल्या वार्षिक सभेतच भिंत आणि निचऱ्यासाठी वेगळी रक्कम मंजूर करून घ्या. मग ऑक्टोबर ते मे काम निवांत होतं. जूनमध्ये ठराव घेऊन आलात तर आम्ही उतार खोदत नाही. "धंदा नको का तुम्हाला?" हेही ऐकून घेतो.

आमचं कोटेशन जरा वर वाटतं, कारण त्यात आधी गटार आणि मग भिंत असते. निचरा न करता नुसत्या प्लास्टरचं काम आम्ही घेत नाही.

सभेची नोटीस निघण्याआधी बोलवा. ठरावाला जोडता येईल असा एक पानी खर्चाचा अंदाज देऊ. पाहणीचे पैसे घेतो, काम दिलंत तर ते बिलातून वजा. येण्याआधी भिंतीलगतच्या कुंड्या आणि भंगार तेवढं हलवून ठेवा.