खोक्यात बंद असतानाही वाढणारे वय

१९९९ साली अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या स्ट्युअर्ड वेधशाळेतील काही तरुण खगोलशास्त्रज्ञांनी अर्धा गंभीर, अर्धा मिश्कील असा एक छोटा शोधलेख लिहिला. त्यांचा प्रश्न असा होता की, संगणकावर काही वर्षे चालेल अशी प्रचंड आकडेमोड करायची असेल, तर आजच संगणक घेऊन ती सुरू करावी, की काही महिने चक्क आळसात घालवून मग अधिक वेगवान संगणक घ्यावा? संगणकांचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असे धरले, तर उत्तर थोड्याशा कलनशास्त्राने निघते. आजच्या यंत्रावर ४० महिने लागणारे काम असेल, तर सुमारे ११ महिने थांबून नवे यंत्र घेणारा माणूस ते काम एकूण ३७ महिन्यांत संपवतो, म्हणजे आजच कामाला लागलेल्या माणसाच्या आधी. काम २६ महिन्यांहून छोटे असेल, तर मात्र थांबणे तोट्याचे ठरते.

फोन, लॅपटॉप किंवा टॅबलेट घेताना ‘नवे मॉडेल येईपर्यंत थांबू की मागच्या वर्षीचे आत्ताच घेऊ’ असा जो घोळ मनात चालतो, तो याच गणिताचा घरगुती अवतार आहे. फरक इतकाच की, त्या गणितात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. यंत्राकडून फक्त वेग हवा, तो वेग ठरलेल्या गतीने दुप्पट होत राहतो, आणि यंत्र दुकानात पडून राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही, अशी ती तीन गृहीतके. बरोबर घेऊन फिरण्याच्या उपकरणांच्या बाबतीत ही तिन्ही गृहीतके लंगडी पडतात, आणि तिसरे सर्वांत जास्त.

आधी वेगाचे पाहू. पुढे इंटेलचे सहसंस्थापक झालेले गॉर्डन मूर यांनी १९६५ साली चिपवरील घटकांची (मुख्यतः ट्रान्झिस्टर या सूक्ष्म विद्युत-कळींची) संख्या दरवर्षी दुप्पट होत असल्याचे निरीक्षण मांडले आणि १९७५ साली तो कालावधी दोन वर्षांचा केला. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली त्याला पूरक असा नियम दाखवून दिला. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारा विद्युतदाबही त्याच प्रमाणात कमी करता येतो आणि म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही चिप अधिक तापत नाही, असा तो नियम होता. २००५ सालाच्या सुमारास हा दुसरा नियम थकला, कारण विद्युतदाब आणखी उतरवला की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपत राहते. ट्रान्झिस्टर त्यानंतरही वाढत राहिले, पण ते सगळे एकाच वेळी पूर्ण जोमाने चालवले तर उष्णता आवरत नाही. हातात धरायच्या उपकरणात सहसा पंखा नसतो आणि मागची बाजू हाताला चटका बसेल इतकी तापू देणेही परवडत नाही. त्यामुळे नव्या प्रोसेसरने चाचणीच्या पहिल्या मिनिटात मिळवलेले गुण पंधराव्या मिनिटाला टिकतीलच असे नाही.

यातून एक गमतीशीर परिस्थिती निर्माण झाली आहे. कोणत्या वर्षाची चिप, यापेक्षा ती कोणत्या कारखान्यात बनली, हा प्रश्न काही वेळा अधिक महत्त्वाचा ठरतो. क्वालकॉम कंपनीची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ ही फोनची चिप सॅमसंगच्या कारखान्यात बनली आणि ती तापते अशी ओरड झाली. काही महिन्यांनी, २०२२ सालीच, जवळपास तीच रचना तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेऊन ८ प्लस जेन १ या नावाने आली, आणि तिच्या चित्रांकनाच्या भागाचा वीजवापर ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे कंपनीने जाहीर केले. दोन्हींवर ‘४ नॅनोमीटर’ हाच शिक्का होता. हे नॅनोमीटरचे आकडे आता पिढ्यांची नावे आहेत, चिपवरील एखाद्या ठरावीक भागाचे ते माप उरलेले नाही, हे जाहिरात वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

नवे नाव आणि जुने आतडे हा प्रकारही सर्रास चालतो. २०२२ सालच्या आयफोन १४ मध्ये २०२१ सालचीच ए१५ चिप होती. आयफोन १३ च्या तुलनेत तिच्यात चित्रांकनाचा एक गाभा (ग्राफिक्स कोअर) तेवढा जास्त होता. याहून बोलके उदाहरण त्याच वर्षीच्या, एम२ चिप असलेल्या ॲपलच्या मॅकबुक एअर लॅपटॉपचे आहे. प्रोसेसर नवा आणि अधिक वेगवान होता, पण २५६ जीबीच्या सर्वांत स्वस्त प्रकारात साठवणुकीसाठी फ्लॅश मेमरीची एकच चिप बसवलेली होती, तर आधीच्या एम१ लॅपटॉपमध्ये तेवढीच जागा दोन चिपांत विभागलेली होती. फ्लॅश मेमरीतील माहिती अनेक चिपांतून एकाच वेळी वाचली जाते. एका खिडकीऐवजी दोन खिडक्यांवर तिकिटे दिली की रांग जशी निम्म्या वेळात सरकते, तसेच हे. परिणामी साठवणुकीतून माहिती वाचण्याचा नव्या लॅपटॉपचा वेग जुन्याच्या जवळपास निम्मा भरला. २०२४ सालच्या एम३ प्रकारात दोन चिपा परत आल्या. ‘नवे’ हा शब्द संपूर्ण यंत्राला लावण्याची आपली सवय किती ढोबळ आहे, हे यातून दिसते. यंत्राचे दहा भाग असतात आणि त्यांतले तीनच बदललेले असू शकतात. लॅपटॉपमधली रॅम हल्ली बहुधा पक्की डकवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. तेव्हा ८ जीबीचे नवे मॉडेल आणि १६ जीबीचे गेल्या वर्षीचे मॉडेल एकाच किमतीत समोर असतील, तर माझे मत निःसंशय दुसऱ्याच्या बाजूने पडेल.

प्रोसेसर वापराने म्हणण्याजोगा झिजत नाही. पाच वर्षांपूर्वीची चिप आज मंद वाटते, कारण तिच्यावर चालणारे सॉफ्टवेअर जड झालेले असते. ती स्वतः तेवढीच चपळ असते. बॅटरीचे तसे नाही, आणि या लेखातला मुख्य मुद्दा तोच आहे.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीने बाजारात आणली आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीच्या प्रगतीची गती चिपच्या मानाने फारच संथ आहे. १९८९ सालच्या इंटेल ४८६ मध्ये सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर होते आणि २०२३ सालच्या आयफोनमधील ए१७ प्रो चिपमध्ये १,९०० कोटी आहेत, म्हणजे जवळपास सोळा हजार पट. एक किलो वजनाच्या लिथियम बॅटरीत साठणारी ऊर्जा मात्र सुरुवातीपासून आजपर्यंत तिप्पट-चौपटीच्या आसपासच वाढली आहे. त्यामुळे एका वर्षाच्या अंतराने आलेल्या दोन मॉडेलांच्या बॅटऱ्यांत, त्या ताज्या असताना, फारसा फरक नसतो. फरक पडतो तो त्या कधी बनल्या यामुळे.

बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. ग्रॅफाइटला लागून असलेला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, तिथल्या विद्युतदाबाला टिकत नाही. त्याचे विघटन होते आणि ग्रॅफाइटवर लिथियमच्या संयुगांचा एक अत्यंत पातळ पापुद्रा जमतो. हा पापुद्रा एका अर्थी उपकारक आहे, कारण तो पुढचे विघटन रोखतो. तो नसता तर बॅटरी काही दिवसांतच निकामी झाली असती. पण तो पूर्ण अभेद्य नसतो. तो हळूहळू जाड होत राहतो, आणि त्यात अडकलेले लिथियम कायमचे हिशेबातून जाते. कारखान्यात भरलेले लिथियम मोजकेच असते, वरून नवे मिळत नाही. म्हणून जितके अडकले तितकी क्षमता घटली. ही क्रिया वापर न करताही चालू असते. उष्णता आणि भरलेली बॅटरी या दोन गोष्टी तिला चेव आणतात. त्यामुळे गोदामात उकाड्यात पडून राहिलेले सीलबंद उपकरण कोरे असले तरी ताजे असतेच असे नाही. उलट टोकाचाही धोका आहे. बॅटरी पडून पडून पूर्ण उतरली, तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुढे चार्ज करताना ते तांबे नको तिथे जमून शॉर्टसर्किट होऊ शकते. म्हणून फार उतरलेली बॅटरी संरक्षक मंडल (सर्किट) चार्जच होऊ देत नाही.

क्षमता घटण्याबरोबर बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. प्रोसेसरने अचानक जास्त वीज मागितली की अशा बॅटरीचा विद्युतदाब कोसळतो आणि फोन ३० टक्के चार्ज दाखवत असतानाच बंद पडतो. हे टाळण्यासाठी जुन्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरमधून मुद्दाम कमी केला जात असल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते. त्या प्रकरणातून ग्राहकाने काढायचा धडा व्यावहारिक आहे: मंदावलेला जुना फोन कित्येकदा नव्या बॅटरीने पुन्हा पहिल्यासारखा चालू लागतो. बॅटरीचे आयुष्य चार्जिंगच्या आवर्तनांत मोजतात; पूर्ण क्षमतेइतकी वीज वापरली गेली की एक आवर्तन. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांसाठी ५०० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता उरावी अशी रचना असल्याचे ॲपल सांगते, तर आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० आहे. एका वर्षाच्या मॉडेलफरकात ग्राहकाच्या खरोखर उपयोगाची सुधारणा झाली असेल तर ती ही, पण कॅमेऱ्याच्या गाजावाजात तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

बॅटरीचे वय हे उपकरणातले पहिले घड्याळ. दुसरे घड्याळ सॉफ्टवेअरचे. सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळणार हे कंपनी जाहीर करते, आणि ती वर्षे बहुधा मॉडेल बाजारात आले तेव्हापासून मोजली जातात, तुम्ही ते विकत घेतले तेव्हापासून नव्हे. गूगलने २०२३ सालच्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ सालच्या गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांचे आश्वासन दिले. या आश्वासनाने जुन्या मॉडेलचे गणित कसे उलटले ते पाहण्याजोगे आहे. नव्या मॉडेलची किंमत १०० धरा आणि दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलची ७०. अपडेटचे पाठबळ सात वर्षांचे असेल, तर नव्याचा दर वर्षाला १४.३ पडतो आणि जुन्याची पाच वर्षे उरलेली असल्याने त्याचा १४. बॅटरी बदलण्याचे ८ त्यात मिळवले तर १५.६. म्हणजे दोघे जवळपास बरोबरीत, आणि सुरुवातीला कमी पैसे गुंतवण्याची सोय जुन्याच्या बाजूला. आता पाठबळ चारच वर्षांचे धरा. नव्याचा दर २५ होतो आणि दोनच वर्षे उरलेल्या जुन्याचा ३५. सवलत तीच, मॉडेलचे वय तेच, निर्णय मात्र उलटा. म्हणून एखादे मॉडेल किती जुने आहे हे विचारण्यापेक्षा त्याचे किती उरले आहे हे विचारणे अधिक शहाणपणाचे, असे मला वाटते.

पाठबळ संपले म्हणजे यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही, म्हणून लोक हा मुद्दा हलक्यात घेतात. पण बाहेरचे जग पुढे सरकत असते. असंख्य संकेतस्थळांना सुरक्षा-प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था आपल्या नव्या मूळ प्रमाणपत्रावर (ज्याच्या भरवशावर बाकीची प्रमाणपत्रे खरी मानली जातात) गेली, तेव्हा अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांना ते प्रमाणपत्र माहीतच नव्हते. त्यांच्यासाठी केलेली तात्पुरती सोय २०२४ साली संपली आणि चालू स्थितीतल्या फोनांवरही अनेक संकेतस्थळे धोक्याची सूचना दाखवू लागली. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या लॅपटॉपांना विंडोज ११ अधिकृतपणे घेता येत नाही, मग त्यांचा कीबोर्ड आणि पडदा कितीही ठणठणीत असो. युरोपीय संघाने याबाबत एक किमान रेषा आखली आहे. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोन आणि टॅबलेटच्या बॅटरीने ८०० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत. इथे मोजणी शेवटच्या विक्रीपासून आहे, हा बारकावा महत्त्वाचा आहे.

उपकरण बदलले की या दोन घड्याळांचे वजनही बदलते. अदलाबदलीच्या लेन्सच्या कॅमेऱ्यात बॅटरी सहज काढता येते आणि सॉफ्टवेअर जवळपास गौण असते, त्यामुळे तिथे जुने मॉडेल डोळे मिटून घ्यायला हरकत नाही. ई-पुस्तकवाचकाचेही साधारण तसेच. त्याचा पडदा वीज फक्त पान उलटताना खातो, त्यामुळे बॅटरीची आवर्तनेच फार कमी होतात. मनगटावरच्या स्मार्टवॉचमध्ये दोन्ही घड्याळे जोरात चालतात, तेव्हा तिथे जुने घेताना हात आखडता ठेवावा.

सर्वांत वाईट अवस्था कानात बसवायच्या बिनतारी हेडफोनांची आहे. त्यांची बॅटरी वाटाण्याएवढी असते, रोज एक-दोनदा उतरते, आणि कवच चिकटवलेले असल्यामुळे ती बदलणे बहुतेकदा अशक्य असते. म्हणजे बॅटरी संपली की वस्तू संपली, आणि तिचे वय कारखान्यातच सुरू झालेले असते. मी एकदा अशी एक सीलबंद जोडी भरघोस सवलतीत घेतली होती. नवीन मॉडेलपेक्षा आवाजात काही कमी नव्हते. तिसऱ्या महिन्यात उजव्या कानातली बॅटरी अर्ध्या तासात उतरू लागली, तेव्हा मी कपाटातून खोका काढून त्यावरची उत्पादनाची तारीख पहिल्यांदा वाचली. ती खरेदीच्या साडेतीन वर्षे आधीची होती.