नाइन-ऑलला कुठली सर्व्हिस टाकायची?

टेबल टेनिसमध्ये नाइन-ऑलला, म्हणजे गेम संपत आलेला आणि स्कोअर 9-9 असताना, सर्व्हिस कोणाची असणार हे गेमचा पहिला बॉल पडायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि हे मला बरीच वर्षं टीटी खेळून झाल्यावर कळलं. बोटांवर मोजून बघा. दर दोन पॉइंटनी सर्व्हिस बदलते, म्हणजे 17वा-18वा पॉइंट ज्याने सुरुवात केली त्याचा आणि 19वा-20वा समोरच्याचा. त्यामुळे 9-9 झालं की सर्व्हिस त्याच्याकडे जो सुरुवातीला रिसीव्ह करत होता, तीही लागोपाठ दोन. वर 18ला 6ने भाग जातो, आणि नियमाने दर 6 पॉइंटनंतर टॉवेलने घाम पुसायला जाता येतं, म्हणजे विचार करायला चार सेकंद फुकटात.

त्या चार सेकंदात बहुतेक जण काय ठरवतात? "माझी बेस्ट सर्व्हिस मारतो."

आमच्या हॉलमध्ये एक काका येतात, साठी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा. अख्खा गेम ते फोरहँडला शॉर्ट कट (नेटजवळ पडणारी, बॉल खालून घासून उलट फिरकी दिलेली सर्व्हिस) टाकणार, पण 9-9 झालं की बॉल चड्डीला दोनदा पुसणार, डावी टाच जराशी उचलणार आणि सणसणीत लाँग सर्व्हिस (टेबलाच्या पार टोकाकडे पडणारी) बॅकहँडला. नवीन माणूस हमखास फसायचा. दोनेक महिन्यांत आठवीतली पोरंसुद्धा काकांनी बॉल पुसला की एक पाऊल मागे सरकून उभी राहायला लागली :) सर्व्हिस तीच, जोर तोच, फक्त ती कधी येणार हे सगळ्यांना पाठ झालेलं.

आता लपवायचं म्हटलं तर नियम कडक आहेत. बॉल उघड्या तळहातावरून किमान 16 सेंटीमीटर वर उडवायचा, आणि हात किंवा अंग मध्ये घालून बॉल झाकणं 2002पासून बंद. म्हणजे फसवायला उरतो तो बॅट आणि बॉलचा क्षणभराचा स्पर्श. बॅट हातात घेऊन मनगट फिरवून बघा, तेवढ्याच वेळात बॅटचं टोक मोठी चक्कर मारतं आणि मुठीजवळचा भाग अगदी थोडा हलतो. म्हणून बॉल टोकाजवळ खालून घासला की जबरदस्त कट, आणि अगदी तशाच ॲक्शनमध्ये मुठीजवळ लागला की जवळपास नो-स्पिन. कट बॉल रबराला धरतो आणि खाली नेटमध्ये जायला बघतो, म्हणून समोरचा बॅट उघडी करून (म्हणजे वरच्या बाजूला कलवून) पुश करतो, हलकेच ढकलतो. त्याच उघड्या बॅटवर नो-स्पिन आला की बॉल फुग्यासारखा वर येतो, आणि तुमचा थर्ड बॉल (सर्व्हिसनंतरचा तुमचा पहिला फटका) आयता! पण हेही दर वेळी केलं की तो आपला सरळ बॅटने वाट बघत उभा राहणार.

मग किती वेळा करायचं? इथे गेम थिअरी (समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवायचं गणित) कामाला येते. समजा (आकडे माझ्या मनचे) तुमची शॉर्ट कट, आणि समोरचा शॉर्टचीच वाट बघतोय, तर 100पैकी 50 पॉइंट तुमचे, तो लाँगच्या तयारीत असेल तर 60. लाँग टाकली आणि त्याने ओळखली तर फक्त 30, पण बेसावध सापडला तर 80. गणित मांडलं की उत्तर येतं सहात पाच वेळा शॉर्ट आणि एकदा लाँग, आणि मग तो कशाचीही वाट बघत उभा राहू दे, तुम्हाला 100त 55 मिळतात. नुसती शॉर्ट टाकत राहिलात तर तो तीच धरून बसतो आणि तुम्ही 50वर येता. म्हणजे लाँग सर्व्हिस आहे ती शॉर्टची धार राखायला.

2001मध्ये मार्क वॉकर आणि जॉन वूडर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मोठ्या टेनिस मॅचेसच्या सर्व्हिस तपासल्या, डाव्या बाजूला किती, उजव्या बाजूला किती आणि त्यातून पॉइंट किती. जिंकण्याचं प्रमाण दोन्ही बाजूंना जवळपास सारखं निघालं, जे थिअरीच्या अगदी जवळचं आहे. पण एक गोष्ट चुकत होती, खेळाडू गरजेपेक्षा जास्त वेळा बाजू बदलत होते. आपलं सगळ्यांचं हेच होतं ना, आत्ताच लाँग टाकली म्हणजे आता परत नको. खरा योगायोग असा वागत नाही, फाशावर सहावर सहा पडतातच.

आणि प्रेशरचं वेगळंच. हात घट्ट झाला की आपण मनगट कसं वळतंय याकडे बघायला लागतो आणि वर्षानुवर्षं आपोआप होणारी हालचाल बिघडते. लाँग सर्व्हिसला हे जास्त भोवतं, कारण पहिला टप्पा आपल्याच कडेजवळ पाडून बॉल 2.74 मीटरच्या टेबलावर पलीकडे लांब पण खालून न्यायचा असतो. म्हणून माझं मत, जे ठरवायचं ते बॉल उचलायच्या आधी, नंतर डोकं बंद.

मी त्यासाठी भिंतीवरचं घड्याळ वापरतो. घाम पुसताना सेकंद काटा 12 आणि 2च्या मध्ये दिसला तर लाँग, नाहीतर शॉर्ट, म्हणजे बरोबर सहात एक. मागच्या लोकल टुर्नामेंटमध्ये 9-9ला काटा एकवर, लाँग टाकली, पोरगा जागेवर थिजला, 10-9. मग बॉल घ्यायला वाकताना परत वर बघितलं तर काटा 12च्या जरा पुढे! मन म्हणत होतं लागोपाठ नको रे, तरी टाकली, आणि या वेळी त्याने मागे सरकून क्रॉसला असा काही लूप (जोरदार टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरणारी फिरकी दिलेला फटका) मारला की मी बघतच राहिलो. 10-10, आता सर्व्हिस त्याची, आणि 20ला 6ने भाग जात नाही त्यामुळे टॉवेलही नाही.